तरंगती दिसणारी भंगारातली बाईक: आधी चाकं आणि ब्रेक, मग नाक आणि रंग

प्रश्न थोडक्यात असा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला स्टार वॉर्समधली, झाडांच्या मधून सुसाट जाणारी बिनचाकाची स्पीडर बाईक बनवायची आहे. भंगारातून, चार मित्रांनी मिळून, कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी. नुसती उभी करून ठेवायची नाही, तिच्यावर बसून मैदानाला फेरी मारायची आहे. चासी कुठली घेऊ, इंजिन कोणतं टाकू, चाकं कशी लपवू, ड्रोनच्या मोटरा लावून खरंच दोन इंच उचलता येईल का आणि पुढे ती रस्त्यावर चालेल का, असं त्याने विचारलंय.

तुझं वय बघून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, बावीस वर्षं झाली. गेट-ग्रिल हे रोजचं काम. पण गणपतीच्या आधीचे तीन महिने मंडळांच्या हलत्या देखाव्यांचे सांगाडे करतो. उडणारा गरुड, फिरणारा रथ, माणूस बसलेला हत्ती. दिसायला एक आणि आतून वेगळंच, असं काम मी पुष्कळ केलंय. तुझी बाईक त्याच जातीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी उचलण्याचं बघू, ते लवकर संपतं. गाडी आणि तू मिळून साधारण १७५ किलो धर. एवढं वजन पंख्यांनी हवेत धरायचं आणि पंख्यांचं एकूण क्षेत्रफळ दोन चौरस मीटर असेल, तर नुसत्या कागदावरच्या हिशेबाने ३० किलोवॅटच्या वर ताकद लागते. प्रत्यक्षातल्या गळत्या धरल्या की आणखी. जमिनीलगत थोडं कमी लागतं, पण त्याने चित्र बदलत नाही. शिवाय चार उघडे पंखे तुझ्या मांड्यांशेजारी फिरणार. तो विचार आजच सोड. आपल्याला उडायचं नाहीये, लोकांना उडतंय असं वाटलं पाहिजे.

यात कमीपणा काही नाही, कारण सिनेमातही हेच केलंय. १९७७च्या पहिल्या चित्रपटात वाळवंटात तरंगणारी जी गाडी आहे, ती ब्रिटनमधल्या बाँड बग नावाच्या छोट्या तीनचाकीच्या चासीवर बांधली होती. चाकं झाकायला कडेने आरसे लावले होते. आरशात समोरची वाळू दिसायची आणि बघणाऱ्याला वाटायचं की गाडीखालून पलीकडचं दिसतंय. १९८३च्या चित्रपटातला जंगलातला पाठलाग तर आणखी साधा. गॅरेट ब्राऊन हा कॅमेरामन स्टेडीकॅम (अंगावर बांधायचा, चालताना न हिंदकळणारा कॅमेरा) घेऊन झाडीतून चालत गेला, सेकंदाला एखादी फ्रेम या संथ गतीने चित्रण केलं आणि पडद्यावर ते सेकंदाला २४ फ्रेमने दाखवलं. वेग तिथून आला. आणि त्या जगात सगळं वापरलेलं, झिजलेलं दिसतं, त्याचं कारण ते खरोखरच भंगार होतं. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनने विमानांचे मोडीत काढलेले भाग आणून बसवले. प्रकाशाच्या तलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्सच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी. त्या कामाला ऑस्कर मिळालं. त्यामुळे भंगारातून करतोय म्हणून संकोच बाळगू नकोस, या वस्तूचं मूळच तिथे आहे.

आता खरा प्रश्न. तू विचारलंस चाकं कशी लपवू. पण अडचण लपवण्यात नाही. चाकं जितकी आत आणि जवळजवळ घेशील तितकी गाडी तरंगती दिसेल आणि तितकीच ती वळणावर उलटायला बघेल. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. बाकीचे सगळे निर्णय या ओढाताणीतून निघतात.

दोन चाकांवर करू नकोस. थांबताना पाय टेकवावा लागतो, आणि पाय जमिनीला लागला की तरंगणं संपलं. तीन चाकं घे, पुढे दोन, मागे एक. रिक्षासारखं उलटं नको. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, वळणात बाहेर जातं, आणि त्या कोपऱ्यात चाक नसेल तर गाडी तिथेच कलंडते.

आकड्यांत बघ. पुढच्या दोन चाकांमध्ये ६० सेंटीमीटर अंतर धर. तुला धरून सगळ्या वजनाचा मध्य पुढच्या आसापासून, पुढच्या-मागच्या आसांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशावर आणि जमिनीपासून ५७ सेंटीमीटर उंचीवर धर. पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर ही गाडी ताशी १५ किलोमीटरला आतलं चाक उचलते. तोच मध्य ७० सेंटीमीटरवर गेला तर साडेतेराला. हे गुळगुळीत जमिनीवरचं, खड्डा नाही, हँडलला हिसका नाही, असं धरून. म्हणून मी कंट्रोलरला, म्हणजे विजेच्या मोटरचा वेग आवरणाऱ्या डब्याला, ताशी १० किलोमीटरची मर्यादा बांधून टाकीन. कंट्रोलरला लिमिटची वायर असते, नसेल तर थ्रॉटलला यांत्रिक अडसर लाव. दहाचा वेग कमी वाटतो, पण जमिनीलगतच्या लांब नाकाच्या गाडीवर बसल्यावर तो कमी वाटत नाही.

वजनाचा मध्य खाली ठेवायचा उपाय म्हणजे बॅटऱ्या. सगळेजण त्या सीटखाली डबा करून ठेवतात, कारण जागा तिथे असते. तू त्या पोटाच्या पत्र्यावर, पुढच्या आसाच्या लगेच मागे, जितक्या खाली जातील तितक्या खाली बसव. बारा व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या म्हणजे तीसेक किलोचं बूड फुकटात मिळतं. एरवी मी लिथियम म्हणालो असतो, पण इथे जड बॅटरीच बरी. आणि जुन्या लॅपटॉपचे किंवा भंगारातले लिथियम सेल सोलून पॅक बनवायचा विचार असेल, तर तो करू नकोस. कुठला सेल आतून बिघडलाय हे बाहेरून कळत नाही, आणि ती आग तुझ्या पायांच्या मध्ये लागेल.

पेट्रोल इंजिन टाकू नकोस. एक्झॉस्टच्या उष्णतेला आणि आवाजाला जागा लागते, साखळी लपवायची म्हणजे वेगळा व्याप, आणि मैदानात पोरंटोरं असतात. जुन्या ई-स्कूटरची हब मोटर (चाकाच्या आतच बसलेली मोटर) असलेलं मागचं चाक शोध. सपाट जमिनीवर १७५ किलो ताशी १२ किलोमीटरने न्यायला सव्वाशे वॅटच्या आसपास लागतात, म्हणजे २५० वॅटची मोटर आरामात पुरते. पण वीस फुटांत एक फूट चढ असेल तर तोच आकडा चारशेवर जातो. म्हणून स्टेजवर रॅम्पने चढायचं स्वप्न असेल तर आत्ताच सांग, मोटर बदलावी लागेल.

पुढच्या दोन चाकांसाठी जुन्या चेतक किंवा एलएमएलच्या पुढच्या चाकांइतकी सोयीची वस्तू भंगारात दुसरी नाही. त्या स्कूटरचं पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, म्हणजे स्टब, चाक बसवायची आखूड दांडी, आयता मिळतो. आत ड्रम ब्रेकही असतो. टायर ३.५०-१०, सगळीकडे मिळतं. असे दोन घे आणि लेथवाल्याकडून किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं तो उभा खिळा) आणि त्याचे बुश करून घे. हे काम हौशी माणसाच्या हातचं नाही, टर्नरलाच दे. टाय रॉडचे, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांडीचे, जोड नवे घे. दोन्ही चाकांचे ब्रेक एका लिव्हरवर घ्यायचे तर मध्ये तराजूच्या दांडीसारखी पट्टी दे, म्हणजे दोन्ही केबलना सारखी ओढ बसेल. नाहीतर एकच चाक धरतं आणि गाडी त्या बाजूला वळते. मागच्या चाकाला वेगळा ब्रेक, वेगळ्या लिव्हरवर. मोटरच्या रिजनरेशनला (मोटर उलटी वीज बनवून गाडी रोखते त्याला) ब्रेक समजू नकोस.

भंगारातून काय घ्यायचं आणि काय नाही, याचा माझा हिशेब असा. डोळ्यांना दिसतं ते भंगारातलं, जीव ज्यावर आहे ते नवीन किंवा तपासलेलं. बेअरिंग, ब्रेक शू, केबल, टाय रॉडचे जोड, नट-बोल्ट, बॅटरी, वायर, फ्यूज ही सगळी खरेदी नवीन. सुकाणूच्या आणि चाकांच्या बोल्टना ८.८ ग्रेड आणि नायलॉक नट (सहज सैल न होणारे). चाक, मोटर, पाईप ही वापरलेली चालतात, पण तपासून.

पाईपबद्दल जरा जास्त बोलतो, कारण मुलं इथेच फसतात. भंगारात लोखंडी कॉटचे, शाळेच्या बाकांचे पाईप ढिगाने मिळतात आणि दिसायला छान असतात. कापून पाईपच्या भिंतीला व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लाव, बऱ्याचदा एक-सव्वा मिलिमीटर निघते. आसन आणि सुकाणू ज्यावर आहे त्या मुख्य फ्रेमला मी दोन मिलिमीटरच्या खाली जात नाही. आतून गंज खाल्लेला पाईप हातोडीने टोकला की बद्द वाजतो, चांगला खणखणतो. हे कान दोन दिवसांत तयार होतात. आणि गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाईप तसाच वेल्ड करू नकोस. सुरुवातीच्या वर्षांत, पावसाळ्यात, शटर अर्धं ओढून मी असे पाईप दिवसभर जोडले होते. पांढरा धूर निघत होता, तोंडात गोडसर चव येत होती. रात्री अंगात थंडी भरली, दात वाजायला लागले, दोन गोधड्या घेऊनही थरथर थांबेना. जस्ताच्या धुराचा ताप होता तो. जोडाच्या जागचा मुलामा ग्राइंडरने पूर्ण उतरव आणि उघड्यावर काम कर. जुनी पेट्रोलची टाकी शोभेसाठी लावणार असशील तर तिला वेल्डिंगची ठिणगीही दाखवू नकोस, बोल्टने बसव. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत वाफ असते. जुना गॅसभरला शॉक ॲब्सॉर्बर कापून बघू नकोस.

मग नागडी फ्रेम. त्यावर एकही पत्रा चढवायच्या आधी ती चालली पाहिजे. सीटच्या जागी शंभर किलो वाळूची पोती बांध. पाच सेंटीमीटर उंचीच्या लाकडी पट्टीवरून पन्नास वेळा ढकलत ने. मग जोड तपास. आमच्याकडे जुन्या मिस्त्रींनी शिकवलेली पद्धत आहे: जोडावर घासलेट चोपडायचं, दहा मिनिटं थांबायचं, फडक्याने कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. भेग असेल तर आत मुरलेलं घासलेट परत वर येतं आणि पांढऱ्या पुडीत केसासारखी काळपट रेघ उमटते. एका मंडळाच्या रथाला मिरवणुकीच्या दोन दिवस आधी मी हे केलं. वेल्ड सगळे ठणठणीत होते, पण आधाराचा त्रिकोणी तुकडा जिथे संपत होता तिथे मूळ पाईपवरच तीन सेंटीमीटरची रेघ उठली. हाताला काही लागत नव्हतं, डोळ्याला दिसत नव्हतं. त्या रथावर चार लहान मुलं बसणार होती. तेव्हापासून माणूस बसणारी एकही वस्तू मी ही पूड टाकल्याशिवाय शेडबाहेर सोडलेली नाही. तूही वेल्डपेक्षा वेल्डच्या शेजारी जास्त बघ.

त्यानंतर तू बस. ताशी दहाला दोन मीटरच्या आत थांबते का बघ, डावीकडे-उजवीकडे आठाचे आकडे काढ, हेल्मेट घालून. हे सगळं पार पडलं की मगच सजावट.

वायरिंगमध्ये दोनच गोष्टी ठासून सांगतो. बॅटरीच्या प्लसपासून वितभर अंतरात फ्यूज, कंट्रोलरच्या ॲम्पिअरपेक्षा थोडा मोठा. आणि चालणारी मोटर एका फटक्यात बंद करणारं लाल बटण, जे बाजूने चालणाऱ्या मित्राच्याही हाताला येईल. घरातला एमसीबी इथे लावू नकोस. तो एसीसाठी असतो, डीसीचा आर्क त्याच्याने नीट विझत नाही. डीसी लिहिलेलाच घे.

आता मजेचा भाग, तरंगणं. जत्रेत बोलणारं मुंडकं पाहिलं असशील: टेबलावर ताट, ताटात माणसाचं डोकं, टेबलाखाली सगळं मोकळं. तिथे टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे उभे असतात आणि त्यांत बाजूचे पडदे दिसतात. सिनेमातल्या गाडीचं तत्त्व तेच. तुझा प्रेक्षक सहा मीटरवर उभा असेल, डोळे १.६ मीटर उंचीवर, आणि आरशाची पट्टी जमिनीपासून ३० सेंटीमीटरपर्यंत असेल, तर त्याला आरशात जास्तीत जास्त दीड मीटर पुढची जमीन दिसते. त्याचे स्वतःचे पाय दिसत नाहीत. म्हणून लांबून हे फसवं दिसतं. पण गाडीला चिकटून दुसरं कुणी उभं राहिलं की लगेच त्याचे बूट दिसतात. शिवाय आरसा जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर आणावा लागतो, गाडी जरा डुलली की आरशातली जमीन हलते, आणि पहिल्याच गचक्याला काठ तुटतो. म्हणून आरसा फक्त उभ्या फोटोसाठी कर. ॲक्रिलिकचा आरसा प्लायवर चिकटवून, खटक्याने बसणारा आणि निघणारा. काच नको. पातळ स्टीलचा पत्राही नको, त्यात लाटा दिसतात.

चालत्या गाडीला मी सावली वापरतो. पोटाची कड जमिनीपासून २० सेंटीमीटरवर ठेव. चाकांचा खालचा भाग तरीही दिसणार, ते टळत नाही. म्हणून कडेपासून दहा सेंटीमीटर आत ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या काळ्या पट्ट्यांची झालर सोड, जमिनीपासून तीन बोटं वर. पोटाची खालची बाजू, चाकं, रिम, सगळं मॅट काळं, कुठेही चकाकी नको. कडेच्या वरचं अंग मात्र फिकट, मातकट तपकिरी. लांबून डोळा त्या काळ्या पट्ट्याला गाडीची सावली समजतो आणि फिकट अंग त्या सावलीच्या वर सुटं दिसतं. पट्ट्या रबराच्याच हव्यात. कापड चाकात गुंडाळलं जातं. प्रयोग भर दुपारी किंवा वरून दिवे असताना कर. संध्याकाळचं तिरकं ऊन आत शिरतं आणि चाकं उघडी पाडतं.

पुढचं लांब नाक आणि त्याच्या टोकाचे पंख पीव्हीसी पाईप आणि पातळ ॲल्युमिनियमचेच कर. लोखंडाचं केलंस तर वजन पुढे जाईल आणि कुणाच्या पोटात घुसेल. टोकं फोमने बोथट कर आणि जोड असा ठेव की धक्का लागला तर नाक सुटून पडेल, वाकणार नाही.

अंगासाठी जुना बाजार पालथा घाल. दोन-स्ट्रोक गाड्यांच्या पात्यापात्यांच्या सिलेंडरसारखं यंत्राचं रूप कशालाच येत नाही. स्टोव्हचे बर्नर, शिलाई मशिनचं चाक, मिक्सरच्या मोटरचं आवरण, फ्रिजच्या कॉम्प्रेसरचं कवच (आतला गॅस मेकॅनिककडून काढून घेतल्यावरच). एक गोष्ट पाळ: कुठल्याही वस्तूचं मूळ तोंड ओळखू येईल असं बसवू नकोस. उलटी कर, अर्धी कापून बसव, दोन वस्तूंच्या मध्ये पाईप टाक. सगळ्यावर एकच रंग मार आणि मग जिथे खरोखर हात-पाय लागतील तिथेच सँडपेपरने उडव. पायाच्या दांड्या, सीटची कड, हँडल. सगळीकडे सारखी झीज काढली की खोटी वाटते.

रस्त्याचं उत्तर नाही असंच आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या ५२व्या कलमानुसार नोंदणी झालेल्या गाडीतही उत्पादकाच्या मूळ तपशिलापलीकडे बदल करता येत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे सांगितलंय. नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेत तपासून घ्यावा लागतो, एका गाडीसाठी तो खटाटोप परवडणारा नाही. २०२१च्या शेवटी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी केली, ती तुझ्या भागातलीच गोष्ट. आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण त्याच वेळी नियमांत बसत नसल्यामुळे ती चालवणं आज ना उद्या थांबवलं जाईल हेही लिहिलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो दिली. त्यामुळे तुझी गाडी कॉलेजच्या आवारातच, प्राचार्यांच्या लेखी परवानगीने, दोरी बांधून केलेल्या मार्गावर. नेताना टेम्पोत घालून ने. आणि स्कूटरचे भाग घेताना भंगारवाल्याकडून पावती घे. चासी नंबर असलेला तुकडा कुणी देऊ लागला तर हात लावू नकोस.

तुझ्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: मैदान मातीचं की काँक्रीटचं, त्यात चढ किती, आणि चालवणाऱ्याचं वजन किती. त्यावर पुढच्या चाकांमधलं अंतर आणि सीटची उंची ठरेल. तोवर पाईप कापू नकोस. पुठ्ठ्याची पोटाची पाटी कापून, विटांवर २० सेंटीमीटर उंचीवर ठेव, वर खुर्ची ठेवून एकाला बसव आणि सहा मीटरवरून फोटो काढ. तो फोटोही पाठव.